सॅम्पलर हँग होतो तेव्हा आधी घड्याळ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: अकाईचा एमपीसी २०००एक्सएल (आवाज रेकॉर्ड करून पॅडवर वाजवायचं यंत्र, म्हणजे सॅम्पलर), सेकंड हँड घेतलेला, मेमरी वाढवून ३२ एमबी केलेली, फ्लॉपी ड्राइव्ह काढून तिथे गोटेक (फ्लॉपीऐवजी पेन ड्राइव्ह चालवणारा डबा) बसवलेलं, आणि कॉम्प्युटरवरून मिडी क्लॉक (वाद्यांना एका तालात ठेवणारे ठोके) येतो. कधी वाजवताना गोठतो, कधी सेव्ह करताना, आणि कधी तासभर अगदी शहाण्यासारखा चालतो. ओएस परत टाकून बघितली, फरक शून्य. आता मेन बोर्डच बदलावा का?

नका बदलू. निदान आत्ता तरी नका. जुने सॅम्पलर मी बरीच वर्षं वाजवतोय आणि उघडतोय पण, आणि हँग होतो म्हणून ज्यांचा बोर्ड बदलला गेला त्यातल्या बऱ्याच मशिनचा बोर्ड निर्दोष होता असं माझं स्पष्ट मत आहे. दोष असतो वीज, पिना, मेमरी, डिस्क किंवा मिडी यातल्या कशात तरी, आणि तुमच्या केसमध्ये एकाहून जास्त असणार कारण तुम्ही दोन वेगवेगळ्या वेळा सांगताय.

म्हणून पहिलं काम स्क्रू ड्रायव्हरचं नाही, वहीचं आहे. मशिनशेजारी एक वही ठेवा आणि दर वेळी हँग झाला की तीन गोष्टी लिहा: चालू करून किती मिनिटं झाली होती, त्या क्षणी हात काय करत होते, आणि स्क्रीनवर नेमकं काय होतं. स्क्रीनवर कचरा अक्षरं होती का, सगळं नीट दिसत होतं पण बटणं मेली होती, की मशिन स्वतःच रीस्टार्ट झालं? आवाज लगेच बंद झाला की शेवटचा सूर तसाच लटकला? आठ-दहा नोंदी झाल्या की नक्षी दिसायला लागते. मिनिटांचा आकडा साधारण सारखा येत असेल तर गरमी किंवा पॉवर सप्लाय. ठरावीक कृतीलाच होत असेल, म्हणजे लोड-सेव्ह वगैरे, तर डिस्कची बाजू. फक्त कॉम्प्युटर जोडलेला असतानाच होत असेल तर मिडी. आणि काहीच नक्षी नसेल, मशिन हलवल्यावर, टेबलावर हात आपटल्यावर होत असेल तर कुठेतरी पिना ढिल्या आहेत. ही वही कंटाळवाणी वाटते मला माहितीये, पण ती नसेल तर तुम्ही एकाच दिवशी पाच गोष्टी बदलता, मशिन चार दिवस बरं चालतं, आणि कशाने बरं झालं ते कळत नाही, मग पाचव्या दिवशी परत पहिल्यापासून.

आणि खरा हँग कोणता ते आधी ठरवा. सिंक बाहेरच्या क्लॉकवर ठेवलेला असेल आणि क्लॉक येत नसेल तर प्ले दाबून काही होत नाही, मशिन मुकाट्याने वाट बघत बसतं, तो हँग नाही. स्कझीवर (बाहेरचा ड्राइव्ह जोडायचा जुना पोर्ट) बंद पडलेला ड्राइव्ह लावलेला असेल तर मशिन त्याला हाका मारत बसतं, तेही थोडा वेळ गोठल्यासारखंच दिसतं. फ्लॉपीवर मोठी फाइल लिहिताना लागणारा वेळ तर आजच्या माणसाला असह्यच आहे. दोन-तीन मिनिटं थांबून बघायचं, पॉवरचं बटण लगेच दाबायचं नाही, कारण लिहिताना पॉवर काढली तर नसलेला प्रॉब्लेम तयार होतो.

आता पॉवर सप्लाय. याच्यावर मी जास्त बोलणार आहे कारण माझा स्वतःचा सगळ्यात जास्त वेळ यातच वाया गेलाय. माझा एक रॅक सॅम्पलर होता, चालू केल्यापासून साधारण चाळीस मिनिटांनी गोठायचा. सुरुवातीला अर्थातच ओएसला शिव्या दिल्या. ती तीनदा टाकली. मग रॅम बदलली. मग वाटलं प्रोसेसर गरम होतोय म्हणून वर पंखा लावला, आणि गंमत म्हणजे पंख्याने चाळीसची पन्नास मिनिटं झाली, त्यामुळे मी अजून महिनाभर त्याच चुकीच्या दिशेने पळत राहिलो. शेवटी मीटर लावला. थंड मशिनवर ५ व्होल्टच्या लाइनवर ४.९ दिसले, म्हणजे ठीक. तसाच लावून ठेवला आणि अर्ध्या तासाने बघतो तर ४.६ च्या आसपास! त्या काळातल्या ५ व्होल्टच्या लॉजिक चिपांना साधारण ४.७५ ते ५.२५ मध्ये सप्लाय लागतो, त्याखाली गेलं की चिप काय करेल याची गॅरंटी नाही. सप्लायमधले दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर डोक्यावर किंचित फुगलेले होते, टॉर्च तिरका धरल्याशिवाय दिसले पण नसते. दोन्ही बदलले, आणि तो सॅम्पलर नंतर कधी चाळिसाव्या मिनिटाला गोठला नाही.

यातून घ्यायचं ते असं की व्होल्टेज थंड असताना मोजून समाधान मानू नका, मशिन गरम झाल्यावर आणि काम करत असताना मोजा, सगळे व्हॉइस (एकाच वेळी वाजू शकणारे आवाज) वाजताहेत, डिस्क फिरतेय, दिवे लागलेत अशा वेळी. दुसरं, साधा मीटर डीसीवर सरासरी दाखवतो, त्यामुळे ५ व्होल्टवर बसलेली लहर लपून जाते. मीटर एसी रेंजवर टाकून त्याच जागी बघा, थोडे मिलिव्होल्ट आले तर हरकत नाही, पण आकडा शेकड्यात जात असेल तर कपॅसिटर वाळलेत असं समजा (ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच, नसेल तर हा जुगाड चालतो). इलेक्ट्रोलिटिकच्या आतला द्रव वर्षानुवर्षं हळूहळू सुकतो, आणि ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. २००० सालच्या आसपासच्या मशिनमधले मूळ कपॅसिटर आज पंचविशीत आहेत, त्यांच्याकडून अजून किती अपेक्षा करणार. बदलताना १०५ अंशांचे आणि लो ईएसआरवाले (आतला रोध कमी असलेले) घ्या, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, आणि प्लस-मायनस दोनदा बघून लावा.

पण एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. सप्लाय स्विचिंग प्रकारचा असेल तर २३० व्होल्टच्या लाइनवर त्याच्या पहिल्या मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच राहू शकतात. हे काम आधी कधी केलं नसेल तर सप्लाय काढून ज्याला येतं त्याच्याकडे द्या. त्यात कमीपणा नाही. मशिन १०० व्होल्टचं जपानी असेल तर स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर पुरेशा वॉटचा आहे ना ते पण बघा, छोटा ट्रान्सफॉर्मर गरम होऊन व्होल्टेज खाली आणतो आणि बोल सॅम्पलरला बसतात.

गरमीचं अजून एक. रॅकमध्ये दोन मशिनच्या मध्ये मोकळी जागा न ठेवता ठासून बसवायची सवय असते लोकांना. एक युनिट, म्हणजे रॅकचा एक खण, मोकळं सोडा. एमपीसी टेबलावर असतो पण लोक तो गादीवर, फोमवर ठेवून वाजवतात आणि खालची हवा बंद करतात.

पिना आणि सॉकेट. हे काम सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या अनुभवात कारण नसलेले वाटणारे हँग यानेच जास्त जातात. मशिन रोज तापतं, रोज थंड होतं, धातू फुगतो-आक्रसतो, आणि सॉकेटमधल्या चिपा केसाएवढ्या वर सरकत जातात. रिबन केबलचे कनेक्टर पण तसेच. प्लग काढा, हात आधी उघड्या धातूला लावून अंगातला स्टॅटिक सोडा, मग सॉकेटवाली प्रत्येक चिप अंगठ्याने सरळ खाली दाबा, कधी कधी बारीक कर्रर असा आवाज येतो, तो आला की समजायचं इथे काहीतरी होतं. दाबताना बोर्ड खाली वाकत असेल तर थांबा, खालून आधार द्या. रिबन केबल एकेक काढून परत लावा, एका वेळी एकच, नाहीतर कुठली कुठे हे कोडं होऊन बसेल, आणि काढायच्या आधी फोनवर फोटो. काळे पडलेले कॉन्टॅक्ट ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. खोडरबर वापरायचा सल्ला सगळे देतात, मला तो फारसा आवडत नाही, मुलामा घासला जातो आणि रबराचा चुरा सॉकेटमध्ये पडतो. अगदीच काळं असेल तर एकदा, हलक्या हाताने.

आता मेमरी, कारण तुम्ही ३२ एमबी केलीये म्हणताय. त्यात ७२ पिनांच्या सिम नावाच्या मेमरी पट्ट्या बसतात, १६-१६ एमबीच्या दोन, आणि दोन्ही एकसारख्या पाहिजेत. एकसारख्या म्हणजे नुसती साइज नाही, शक्यतो एकाच बनावटीच्या, चिपांची संख्या तीच, स्पीड तोच. वेगवेगळ्या ठिकाणून एकेक उचललेली जोडी सुरुवातीला चालते आणि नंतर छळते. बसवताना पट्टी तिरकी आत घालून मग उभी करायची असते, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसल्या पाहिजेत. एका बाजूची क्लिप बसली आणि दुसरी अर्धवट राहिली तरी मशिन चालू होतं, मेमरीचा आकडा पण बरोबर दाखवतं, आणि मग पॅडवर जोरात हात पडला की गोठतं. ड्रम मशिनसारखं वाजवायच्या यंत्रात हे होणारच, तुम्ही दिवसभर त्याला बुक्के मारताय की!

रॅम तपासायची माझी पद्धत सांगतो. एक सपाट साइन टोन घ्या, साधारण ४०० हर्ट्झचा, फोनवरून वाजवला तरी चालेल, आणि तो एका लांबलचक सॅम्पलमध्ये रेकॉर्ड करा, मेमरी जवळजवळ भरेपर्यंत. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ मोनोला सेकंदाला ८८,२०० बाइट लागतात, म्हणजे ३२ एमबीत सहा मिनिटांच्या जरा वर बसतं. एका घासात एवढं लांब घेत नसेल तर तुकडे करा. मग हेडफोन लावून पूर्ण ऐका. टोन स्वच्छ पाहिजे. कुठे चटका, खरखर, टिक आली की वेळ लिहून ठेवा आणि तोच सॅम्पल परत वाजवा. टिक बरोब्बर त्याच सेकंदाला परत आली तर तिथला डेटाच बिघडलाय, म्हणजे मेमरीचा संशय घट्ट होतो. दर वेळी वेगळ्या जागी आली तर आउटपुट, केबल नाहीतर सप्लाय. मग पट्ट्यांच्या जागा आपसात बदलून परत रेकॉर्ड करा, टिकेची जागा किंवा स्वरूप बदललं की पट्टी खराब, अजिबात न बदलता तिथेच राहिली तर सॉकेट किंवा त्याच्या मागचं काहीतरी. आणि सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे मूळ छोटी मेमरी परत लावून आठवडाभर वाजवा. हँग गेले तर उत्तर मिळालं. कंटाळा येतो कमी मेमरीत काम करायला, पण एक आठवडाच.

डिस्कची बाजू. गोटेक स्वतः चांगली वस्तू आहे, पण ते फक्त ५ व्होल्टवर चालतं, आणि जुन्या ड्राइव्हच्या पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्ट पण असतात, प्लग उलटा किंवा एक पिन सरकून लागला तर गोटेक गेलंच. ३४ पिनांची रिबन उलटी लागली तर दिवा सतत पेटून राहतो, ती ओळखायची खूण. त्यात फ्लॅशफ्लॉपी नावाचं फर्मवेअर (गोटेकच्या आतलं सॉफ्टवेअर) असेल तर पेन ड्राइव्हवरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये इंटरफेस कोणता ते सांगता येतं, कारण काही मशिनना रेडी सिग्नल लागतो आणि काहींना डिस्क बदलल्याचा सिग्नल, आणि हे चुकलं की नेमकं तुमच्यासारखं होतं, लोड बरं होतं पण दुसरी इमेज (पेन ड्राइव्हवरची नकली फ्लॉपी) निवडून सेव्ह केलं की मशिन जुन्याच डिस्कची यादी डोक्यात धरून लिहायला जातं. म्हणून इमेज बदलली की दोन-तीन सेकंद थांबा, मशिनला डिरेक्टरी परत वाचायला लावा, मगच सेव्ह. पेन ड्राइव्ह पण जुना, छोटा, साधा बरा. काही नवीन पेन ड्राइव्ह सुरू होताना बराच करंट ओढतात आणि तो त्याच ५ व्होल्टच्या लाइनवरून जातो, बघा, परत आपण सप्लायवर आलो.

स्कझीवर कार्ड रीडर किंवा झुलूस्कझी, ब्लूस्कझी असलं काही (जुन्या ड्राइव्हच्या जागी मेमरी कार्ड चालवणारे बोर्ड) लावणार असाल तर साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन (तारेच्या टोकाचे रोधक), मध्ये कुठेही नाही, प्रत्येकाचा आयडी वेगळा, आणि सॅम्पलरचा स्वतःचा पण एक आयडी असतो हे विसरू नका. केबल जितकी छोटी तितकी बरी. आधी ड्राइव्ह चालू करा, मग सॅम्पलर. आणि पॉवर चालू असताना स्कझी केबल काढ-घाल करायची नाही म्हणजे नाही. काही मशिनवर २५ पिनांचा स्कझी सॉकेट असतो, तो कॉम्प्युटरच्या जुन्या प्रिंटर पोर्टसारखाच दिसतो, तिथे प्रिंटरची केबल लावून बसलेले लोक मी बघितलेत.

फाइलींबद्दल थोडं. कॉम्प्युटरवरून कार्ड भरलं की त्यावर लपलेल्या फाइली पण येतात, मॅक तर प्रत्येक फाइलमागे टिंब-अंडरस्कोरवाली एक सावली सोडतो, आणि जुना सॅम्पलर ती खरी फाइल समजून वाचायला जातो. त्या काढून टाका. फॅट१६ च्या कार्डावर सगळं एकदम बाहेर, रूटमध्ये टाकू नका, तिथे साधारण ५१२ नोंदींची मर्यादा असते आणि लांब नावाची एक फाइल दोन-तीन नोंदी खाते. फोल्डर करा, नावं छोटी ठेवा. वेव्ह फाइल १६ बिट ४४.१ ची करूनच आणा, २४ बिटची टाकून मग मशिनला दोष देण्यात अर्थ नाही. आणि फाइलमधला जास्तीचा मेटाडेटा एक्स्पोर्ट करतानाच काढून टाका, जुन्या मशिनला त्यातलं काही कळत नाही.

मिडी. तुमच्या वर्णनात वाजवतानाचा जो हँग आहे, त्याच्यावर माझा पहिला संशय इथे आहे. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एक नोट मेसेज जायला साधारण एक मिलिसेकंद. नुसता क्लॉक काही जड नाही, एका बीटला २४ ठोके, १२० टेंपोला सेकंदाला ४८ मेसेज, मशिन झोपेत पण झेलेल. जड होतो तो लूप. तुम्ही पॅड दाबलं, नोट कॉम्प्युटरमध्ये गेली, तिथे ट्रॅक रेकॉर्डला आर्म केलेला आहे म्हणून ती परत सॅम्पलरकडे आली, सॅम्पलरवर सॉफ्ट थ्रू (आत आलेलं मिडी तसंच बाहेर पाठवायची सोय) चालू आहे म्हणून ती परत बाहेर गेली, आणि असं गोल गोल फिरत काही क्षणात बफर भरला. मी स्वतः एका कार्यक्रमाच्या आधी दीड तास याच्यात घालवलाय, मशिन बदलून आणायला माणूस पाठवला होता, आणि चूक होती माझ्याच प्रोजेक्टमधल्या एका आर्म झालेल्या ट्रॅकची. ओळख अशी की गोठायच्या आधी आवाज फ्लँजरसारखा पोकळ, दुहेरी ऐकू येतो, कारण एकच नोट दोनदा वाजतेय. तो आवाज ऐकलात तर मिडी इनची केबल लगेच उपटा, बरेचदा मशिन शुद्धीवर येतं आणि काम वाचतं.

तर सॉफ्ट थ्रू बंद, कॉम्प्युटरमध्ये त्या पोर्टवर फक्त क्लॉक जाऊ द्या, टाइमकोड बंद, आणि कीबोर्ड लावला असेल तर आफ्टरटच (पट्टी दाबून धरल्यावर दाबाचे जाणारे मेसेज) गाळून टाका. आणि ओएसचं म्हणाल तर ती एकदा शेवटच्या अधिकृत व्हर्जनची आहे ना एवढं बघा, तुमच्या मशिनला १.२०, आणि नंतर तिला सोडून द्या. एन्सोनिकचे ईपीएस, एएसआर-१० असले सॅम्पलर ओएस सहसा फ्लॉपीवरून उचलतात, तिथे खराब फ्लॉपी म्हणजे खराब ओएस हे खरंच होतं, म्हणून हा सल्ला सगळीकडे फिरत असतो. आतली लिथियमची बॅटरी मोजा, ३ व्होल्टची असते, २.७ च्या खाली आली असेल तर बदला, काढायच्या आधी सेटिंग लिहून घ्या.

हे सगळं करून पण हँग होणारच, कधीतरी. पंचवीस वर्षांचं यंत्र आहे. त्यामुळे सवयी. जे सॅम्पल वापरत नाही ते काढत चला, मेमरी काठोकाठ भरून काम करू नका, थोडी मोकळी ठेवा. दिवसभर कापाकापी, ट्रिम, डिलीट करून झालं की सगळं सेव्ह करून, मशिन बंद-चालू करून परत लोड करायचं, मेमरीतला पसारा साफ होतो. मोठं काही करायच्या आधी, म्हणजे टाइम स्ट्रेच, रीसॅम्पल वगैरे, सेव्ह. सिक्वेन्स वाजत असताना डिस्कची कामं नकोत, स्टॉप करा आणि मगच सेव्हच्या स्क्रीनवर जा. जुन्या फाइलवर लिहू नका, नावाच्या शेवटी आकडा वाढवत जा, लिहिता लिहिता गोठला तर आधीची तरी शाबूत राहते.

आणि २०००एक्सएलवाल्यांनी एक बघून ठेवा, कारण हँगपेक्षा जास्त गाणी यात जातात: ऑल नावाची जी फाइल सेव्ह होते तिच्यात सिक्वेन्स आणि साँग असतात, आवाज नसतात. प्रोग्रॅम एपीएस नावाच्या फाइलमध्ये जातात, आणि सॅम्पल तिच्यासोबत वेगळ्या फाइली म्हणून. ऑल आणि एपीएस दोन्ही सेव्ह करा, एकाच नावाने, आणि मग मशिन बंद करून एकदा परत लोड करून बघा, पॅड दाबल्यावर किक वाजतेय का ते.